पाणीदार पुरुषाचे अत्तर

नरकचतुर्दशीच्या पहाटे मराठी पुरुषाला वर्षातून एकदा सुगंधाची आठवण होते. एरवी तो त्या भानगडीत पडत नाही. उटणे लावायला आई किंवा बायको असते, साबण कोणता ते घराण्यात ठरलेले असते, आणि स्नान उरकून अत्तराचा फाया कानात खोचला की वर्षाची बेगमी झाली. भाऊबीज आटोपली की अत्तरदाणी पुन्हा कपाटात जाते आणि तिच्यामागोमाग गृहस्थांची रसिकताही.

हल्ली मात्र या व्यवस्थेत एक नवा पाहुणा शिरला आहे. कॉलेजात जाणाऱ्या चिरंजिवांच्या टेबलावर निळसर काचेची एक बाटली असते, आणि तिचा फवारा सणावाराची वाट न पाहता रोज सकाळी उडतो. वडील नाक वर करून विचारतात, ''कशाचा रे हा वास? गुलाब नाही, मोगरा नाही, हीना तर नाहीच नाही.'' चिरंजीव सांगतात, ''पाण्याचा.'' त्यावर वडिलांचा निकाल ठरलेला: ''पाण्याला वास यायला लागला तर टाकी धुवून घ्यावी, बाटलीत भरून विकू नये!''

हा संवाद थोड्याफार फरकाने पुष्कळ घरांत झडतो. दोघांचेही म्हणणे निम्मे निम्मे खरे असल्यामुळे यंदाच्या दिवाळीत आमच्या या सदरात पाण्याच्या वासाचाच विचार करावा, असे आम्ही योजले आहे.

वडिलांची बाजू आधी घेऊ. शुद्ध पाण्याला वास नसतो, हे शाळेतल्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. तळ्याचा वास शेवाळ्याचा असतो, समुद्राचा वास त्यातल्या जीवजंतूंचा आणि वनस्पतींचा असतो, विहिरीचा वास तिच्या ओल्या दगडांचा असतो. मग बाटलीत काय असते? तर माणसाने रसायनशाळेत केलेली पाण्याची नक्कल. १९६६ साली औषधे बनवणाऱ्या फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या हाती एक पदार्थ लागला. त्याला समुद्रावरच्या वाऱ्याचा, थोडासा शिंपल्याचा आणि थोडासा कापलेल्या कलिंगडाचा वास येत होता. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधल्या ग्रास गावी 'कामिली, आल्बेर आणि लालू' नावाची एक पेढी फायझरच्या मालकीची होती. तिच्या आद्याक्षरांवरून या पदार्थाला 'कॅलोन' असे नाव मिळाले. नाव मिळाले, पण गिऱ्हाईक मिळेना. फुलांच्या आणि कस्तुरीच्या दुनियेत कलिंगडाला कोण विचारतो?

वीसेक वर्षांनी त्याचे दिवस पालटले. १९८८ साली ॲरामिस कंपनीच्या 'न्यू वेस्ट'मध्ये कॅलोनचा भरपूर वापर झाला. त्याच साली पिएर बुर्दाँ या अत्तरकाराने डेव्हिडॉफ कंपनीसाठी 'कूल वॉटर' सिद्ध केले. नावातच 'गार पाणी'! १९९२ साली जपानी वेषकार इस्सेई मियाके यांच्या नावाने निघालेल्या स्त्रियांच्या अत्तरामागे पाण्यासारख्या निर्मळ वासाचीच कल्पना होती. पुढे १९९६ साली आल्बेर्तो मोरियास यांच्या हातून अरमानीचे 'आक्वा दी जिओ' आले. इटालियन भाषेत 'आक्वा' म्हणजे पाणीच. तेव्हापासून पुरुषांच्या सुगंधात पाण्याचे एक वेगळे घराणेच नांदू लागले. तालुक्याच्या गावी रस्त्यावर मांडलेल्या दुकानात ज्या निळ्या शिश्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच घराण्यातल्या, किंवा या घराण्याचे आडनाव लावणाऱ्या.

आता चिरंजिवांची बाजू. पाण्याला वास नसेल, पण पाणी वासाला जागे करते, हे खरेच आहे. ते कुठे पाहायचे, तर बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने मांजरसुंब्याकडे निघावे. बालाघाटाचे डोंगर जवळ येतात आणि वीसेक किलोमीटरच्या आतबाहेर, डोंगरांच्या कुशीत, कपिलधार लागते. वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी इथे आहे. 'परमरहस्य' हा त्यांचा मराठी ग्रंथ लिंगायत घरांतून आजही भक्तीने वाचला जातो. समाधीच्या परिसरातच पावसाळ्यात डोंगरावरून धबधबा कोसळतो. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपली दिवाळी सरल्यावर पंधरवड्याने, इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात.

बीड हा पाण्याच्या बाबतीत हात राखून वाढलेला जिल्हा. वर्षाची पावसाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात. तीही पाऊस मनावर घेईल तेव्हा. म्हणून इथली माणसे पाण्याचा वास ओळखतात. उन्हाने तापलेल्या काळ्या दगडावर पहिली धार पडते तेव्हा जो वास उठतो, त्याला बाटलीतले कलिंगड पुरे पडणार नाही. ओला बेसाल्ट, शेवाळे, कुजका पाला, डोंगरावरचे गवत आणि वर तुषारांचा गारवा, असा तो पाच पदरी वास असतो.

या वासाचे शास्त्रही आहे. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतींची काही तेले दगडमातीत मुरून बसतात आणि ओल मिळताच बाहेर पडतात, असे त्यांनी दाखवले. त्यात मातीतल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेला 'जिओस्मिन' नावाचा पदार्थ मिसळतो. माणसाचे नाक या पदार्थाच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. एक लाख कोटी भागांत त्याचे पाचदहा भाग असले तरी ते त्याला हुडकून काढते. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले, की पावसाचा थेंब मातीवर आपटताच त्याच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि मातीचा गंध तुषारांतून हवेत उधळतात. सोड्याच्या ग्लासावर नाक धरले म्हणजे जे होते, तेच.

गंमत अशी, की बेअर आणि टॉमस यांच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या अत्तरवाल्यांनी हा वास शिशीत धरला होता. कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगीत घालून त्यांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात आणि त्याला 'मिट्टी का अत्तर' म्हणतात. त्या दोघा शास्त्रज्ञांनीही आपल्या लेखात या भारतीय उद्योगाची दखल घेतली होती. आणि कनौज दूर राहिले, आपल्या स्वयंपाकघरातला माठ तर जवळ आहे! त्यात वाळ्याची जुडी टाकतात ती कशासाठी? पाण्याला थंडावा आणि सुगंध यावा म्हणूनच. हाच वाळा दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा आणि कचोऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतो, आणि हाच वाळा 'व्हेटिव्हर' हे साहेबी नाव धारण करून विलायतेतल्या पुरुषांच्या अत्तरांचा पाया होतो. गेरलाँ कंपनीने १९५९ साली पुरुषांसाठी अत्तर काढले, त्याचे नावच 'व्हेटिव्हर' ठेवले.

त्याहीपलीकडे जायचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्याकडे जावे. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावरचे. सोमेश्वराने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने स्नान कसे करावे, अंगाला उटी कोणती लावावी, इतकेच नव्हे तर पाणी कोणते आणि कसे प्यावे, याची वेगवेगळी प्रकरणे आहेत. पाण्याची चैन इतक्या बारकाईने मांडणारा राजा याच मुलखातला होता. आणि त्याच कल्याणीत पुढे काही दशकांनी बसवेश्वर आले. बाहेरच्या थाटापेक्षा आतली शुद्धी मोठी, असे त्यांनी सांगितले. कपिलधारला येणाऱ्या भाविकांची परंपरा त्यांच्याशी नाते सांगणारी. एकाच गावातून सुगंधाचा शौकही निघाला आणि त्या शौकाला जाब विचारणारेही निघाले. आजच्या विषयाला ही दोन्ही माणसे हवीत.

कारण आता मूळ प्रश्नाकडे यायचे आहे. हे पाण्याचे अत्तर शोभते कुणाला?

दुकानदाराला विचाराल तर तो सांगेल, ''सगळ्यांना.'' आम्ही मराठी भाषेला विचारले. पाण्यावरून माणसाची पारख करण्यात आपल्या भाषेचा हात धरणारी दुसरी भाषा मिळणे कठीण.

पहिला माणूस पाणचट. याच्या विनोदात मीठ नाही, मतात पीठ नाही, आणि बोलण्यात तर दोन्ही नाही. हा माणूस पाण्याचा फवारा मारून आला तर आला की गेला हेच कळत नाही. त्याने चंदन वापरावे. निदान खोलीत कुणीतरी होते एवढी नोंद मागे राहील.

दुसरा दुसऱ्याला पाण्यात पाहणारा. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने निळी बाटली घेतली, म्हणून हाही घेतो, आणि त्याच्यापेक्षा दोन फवारे जास्त मारतो. या अत्तराचा सगळा गुण हलकेपणात आहे, तोच तो मारून टाकतो. अशाने कार्यालयाचा पोहण्याचा तलाव होतो.

तिसरा बारा गावचे पाणी प्यालेला. फिरता विक्रेता, दलाल, निवडणुकीच्या दिवसांत जास्त दिसणारे कार्यकर्ते, ही मंडळी या वर्गातली. यांना हे अत्तर फार आवडते, कारण ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि कुणाच्या नाकातही जात नाही. पण बारा गावांच्या पाण्याचा वास अंगात मुरल्यावर तेराव्या बाटलीचा उपयोग काय, हे त्यांनीच ठरवावे.

चौथा पाणीदार. हे विशेषण आपण कशाकशाला लावतो ते पाहा: मोत्याला, घोड्याला, तलवारीला, डोळ्यांना. या चौघांवर बाहेरून काही चोपडलेले नसते. जे दिसते ते आतून आलेले असते. मोठा आवाज न करता आपले म्हणणे मांडणारा, वेळेवर येणारा, काम झाल्यावर रेंगाळत न बसणारा, उन्हात तापून आला तरी दुसऱ्यावर न तापणारा, अशा माणसाला पाण्याचे अत्तर शोभते. कारण त्या अत्तराचा स्वभावही तसाच आहे. ते पुढे पुढे करत नाही. जवळ आलेल्यालाच कळते, आणि तीनचार तासांत निरोप घेते. ज्याला आपण गेल्यावरही खोलीत आपला दरारा मागे राहावा असे वाटते, त्याने हीना लावावा, ऊद लावावा. पाण्याच्या वाटेस जाऊ नये.

इथवर गंमत झाली. पण बीडसारख्या जिल्ह्यात या बाटलीची एक दुसरी बाजू आहे, आणि ती गमतीची नाही.

दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर त्यांचा हिवाळा जातो. या घरांतली, आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरांतली मुले शिकतात, पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीच्या मुलाखतीसाठी जातात. एसटीत बसण्यापूर्वी त्यांतला एखादा स्थानकाजवळच्या दुकानातून छोटी निळी शिशी घेतो. त्याला दरवळायचे नसते. त्याच्या मनात एकच धाकधूक असते: आपल्या अंगाला गावाचा वास तर येत नाही ना? धुराचा, शेणाचा, घामाचा, गोठ्याचा? मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणी नाकाला रुमाल तर लावणार नाही ना?

ही भीती पोकळ नाही. माणसाला पायरीवर उभे करायचे ते नाकाने, हा धंदा जगात फार जुना आहे. ज्याच्या घरी चोवीस तास नळ, तो स्वच्छ. ज्याच्या घरी टँकरच्या रांगेत दोन घागरी मिळतात, तो अस्वच्छ, असा हिशेब मनातल्या मनात सगळेच मांडतात. मराठवाड्याने २०१६ सालचा उन्हाळा पाहिला आहे. त्या साली एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिल्या गाडीने दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी पोचवले. त्या दिवसांत रोज अंघोळ करणे ही चैन होती. अशा प्रदेशात 'ताजेपणा' विकायला बसलेल्या बाटलीकडे सरळ नजरेने पाहणे अवघड जाते. खऱ्या पाण्याची घागर मैलावरून आणणारी बाई कुठे, आणि पाण्याच्या नकलेला शेकड्यांनी, हजारांनी रुपये मोजणारे शहर कुठे!

म्हणून त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगू. शिशी घेतलीस, बरे केलेस. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ती लपण्यासाठी वापरू नकोस. आपली 'अब्रू' फारसीतून आली आहे. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा; अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. पंचेचाळीस अंश उन्हात ज्यांनी घाम गाळून तुला शिकवले, त्यांचा वास पुसायला गेलास तर चेहऱ्यावरचे पाणीच उतरेल, आणि ते परत चढवणारी बाटली अजून कुठल्या कारखान्यात निघालेली नाही. खोलीत शिरशील तेव्हा समोरच्याला प्रसन्न वाटावे, एवढ्यापुरतेच तिचे काम.

आणि आपल्याकडची मूळ चाल तरी दुसरी काय होती? लग्नाच्या मांडवात दारात उभे राहून अत्तर लावायचे ते पाहुण्याच्या हाताला, आणि गुलाबदाणी शिंपडायची तीही पाहुण्यावर. या 'गुलाबा'तही तोच 'आब' आहे. मूळ अर्थाने तो शब्द गुलाबपाण्याचा. यजमान स्वतः बहुधा घामाघूम असे! सुगंध हा स्वतःची जाहिरात नसून दुसऱ्याचे स्वागत आहे, हे त्या मांडवातल्या माणसांना कुणी शिकवावे लागले नव्हते. पाण्याचे हलके अत्तर त्या गुलाबपाण्याचेच धाकटे भावंड मानले, तर वडील आणि चिरंजीव या दोघांचाही तंटा मिटावा.

जाता जाता, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, चार कामाच्या गोष्टी.

अत्तर अंघोळीनंतर, अंग कोरडे करून लावावे. घामावर मारलेल्या फवाऱ्याने दोन्ही वास भांडतात आणि जिंकत कोणीच नाही. मनगट आणि मानेची बाजू, बस्स; दोन फवारे पुष्कळ. काही मिनिटांतच आपल्या नाकाला सवय होते आणि आपल्याला आपला वास येईनासा होतो. त्यामुळे अत्तर उडाले असे समजून पुन्हा फवारा मारण्याची घाई करू नये. शेजाऱ्याला तो येतच असतो. फवारा मारताच गार वाटते ते मद्यार्क उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जातो म्हणून. माठातले पाणी गार होते त्याचे कारण हेच, तेव्हा त्यात विलायती चमत्कार काही नाही. उष्ण मुलखात हे अत्तर लवकर उडते, हा त्याचा दोष मानू नये. उन्हात टिकून राहणारा वास बहुधा डोके उठवतो. लिंबाच्या जातीच्या काही तेलांमुळे उन्हात कातडीवर काळसर डाग पडू शकतात, म्हणून शेतावर किंवा फिरतीवर जाणाऱ्याने ते सदऱ्यावर लावावे.

आणि दिवाळीपुरती एक सूचना सर्वांत महत्त्वाची. या बाटल्यांत मद्यार्क भरपूर असतो आणि तो झटकन पेट घेतो. पणत्यांजवळ किंवा फटाके उडवायला निघताना फवारा मारू नका, लहान मुलांवर तर नकोच नको. त्या दिवशी कानात साधा फायाच बरा.

हे सगळे वाचून ज्यांना बाटली घ्यायची नसेल, त्यांनी रुखरुख करू नये. माठात वाळ्याची जुडी टाकावी. किंवा पुढल्या पावसाळ्यात, डोंगर पाझरू लागले की, कपिलधारला जाऊन यावे. धारेच्या तुषारांत घटकाभर उभे राहून आलेल्या माणसाच्या अंगाला जो वास येतो, त्यासाठी पैसा पडत नाही. मात्र जाताना रिकामी प्लॅस्टिकची बाटली तिथे टाकून येऊ नका, म्हणजे पुढच्या माणसालाही तोच वास मिळेल.

दिवाळी तुम्हा सर्वांना सुगंधाची जावो, आणि येते वर्ष पाण्याचे जावो.